मुलं मोठी होईपर्यंत थांबू नका, आठवड्याला एक चौकोन विणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन लहान मुलं, थोरलं सहा वर्षांचं, धाकटं अडीच. नवराबायको दोघंही नोकरी करतात, सासरे सोबत राहतात. ताईंनी दोनदा विणायला घेतलं आणि दोन्ही वेळा काम पिशवीत पडून राहिलं. संध्याकाळची प्रार्थनाही घाईघाईत उरकावी लागते, म्हणून मन खात राहतं. त्यांनी विचारलंय, "घरातली माणसं, देव आणि छंद या तिघांना वेळ कसा पुरवायचा? की मुलं मोठी होईपर्यंत सुया बाजूलाच ठेवायच्या?"

ताई, सुया बाजूला ठेवू नका. बत्तीस वर्षं मी विणते आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं शिकवतेही आहे. मुलं मोठी झाल्यावर विणू म्हणणाऱ्या किती तरी जणी मी पाहिल्या. मुलं खरंच मोठी होतात, घर शांत होतं आणि मग कळतं की हाताला सवयच राहिली नाही. शिवाय विणताना शेजारी कुणी तरी बसलेलं असावं, हाक मारावी, गुंडा पळवावा, यातच तर अर्धी मजा आहे. ती पुढे ढकलून कशी चालेल?

तुमचं काम दोनदा अडलं ते का, याचा मला अंदाज आहे. पहिल्यांदा बहुधा स्वेटर घेतला असेल, दुसऱ्यांदा मफलर. नवशिक्या हाताला मफलर सोपा वाटतो आणि विणायला सोपा असतोही, पण संपता संपत नाही. हिशोबच करू. 20 सेंमी रुंद आणि 150 सेंमी लांब मफलर, डीके, म्हणजे मध्यम जाडीची लोकर, 4 मिमीच्या सुया. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर 10 सेंमीमध्ये साधारण 22 टाके आणि 42 ओळी बसतात. म्हणजे 44 टाक्यांच्या 630 ओळी, एकूण जवळजवळ 28,000 टाके. नवा हात मिनिटाला वीसेक टाके घालतो. त्या वेगाने तेवीस तास झाले. रोज पंधरा मिनिटं मिळाली तर तीन महिने एकच पट्टी लांबत राहते. तीन महिने रोज तेच दिसलं की कुणाचंही मन उडेल. त्यात तुमचा काही दोष नाही.

म्हणून मी चौकोन सांगते. तीच लोकर, त्याच सुया. 33 टाके घाला, प्रत्येक ओळ सुलट विणा. दोन ओळींची मिळून एक वळी उठते. अशा 32 वळ्या झाल्या की 15 सेंमीचा चौकोन होतो, टाके बंद करा. 33 टाके गुणिले 64 ओळी म्हणजे 2,112 टाके. मिनिटाला वीस धरले तर पावणेदोन तास. आणि रोजची पंधरा मिनिटं सात दिवस धरली तरी पावणेदोन तासच होतात! आठवड्याला बरोबर एक चौकोन. असे 48 चौकोन आडवे सहा, उभे आठ जोडले की 90 बाय 120 सेंमीची चादर होते. मुलाच्या अंगावर पुरते, मोठ्या माणसाच्या मांडीवर पुरते. वर्षाचे आठवडे 52, म्हणजे आजारपणाचे, प्रवासाचे, पाहुण्यांचे चार आठवडे सुटले तरी वर्षाच्या आत सगळे चौकोन हातात. हा हिशोब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी लोकर काढून बसले. आजवर आमच्या घरात अशा सहा चादरी झाल्या आहेत.

चौकोनाचा दुसरा फायदा ओळीच्या लांबीत आहे. 33 टाक्यांची ओळ नव्या हातालासुद्धा दोन मिनिटांच्या आत पुरी होते. धाकटं हाक मारतं तेव्हा "ही ओळ संपली की आले" म्हणता येतं आणि तो शब्द खरा करता येतो. मुलांना "थांब जरा"चा अर्थ कळत नाही, "ही ओळ संपली की" मात्र त्यांना दिसतं. डाव्या सुईवरचे टाके कमी होत जातात, उजवीवर वाढत जातात. आमची लेक तीन वर्षांची असताना शेजारी बसून डाव्या सुईवरचा शेवटचा टाका सुटेपर्यंत श्वास रोखून बघायची आणि सुटला की टाळी वाजवून मांडीत शिरायची. ओळ अर्धी टाकून उठू नका, मात्र. सुईच्या टोकाशी टाके ताणले जातात आणि परत आल्यावर कुठल्या दिशेने जायचं ते उमगत नाही. उठावंच लागलं तर एवढं ध्यानात ठेवा, परतल्यावर ज्या सुईला लोकरीचा धागा लोंबत असेल ती उजव्या हातात घ्यायची.

काम ठेवायचं कुठे? पिशवीत नको, कपाटात तर नकोच. जिथे सगळे संध्याकाळी बसतात तिथे, डोळ्यासमोर, झाकण असलेल्या उंच डब्यात. उंच डबा यासाठी की घरात अडीच वर्षांचं मूल आहे आणि सुया टोकदार आहेत. सरळ सुयांऐवजी सर्क्युलर सुई घ्या, म्हणजे मधे लवचीक दोरी असलेली. तिच्यावर सपाट चौकोन अगदी सरळ सुयांसारखाच विणता येतो. उठताना सगळे टाके दोरीवर सरकवून ठेवायचे, मग सुई ओढली तरी टाके जागचे हलत नाहीत.

हे मी अनुभवाने शिकले. लेकीने एकदा माझी सरळ सुई पूर्ण भरलेल्या ओळीतून सळकन उपसून काढली आणि तलवारीसारखी हवेत धरली. खाली सगळे टाके उघडे, रांगेत उभे, एकेक बारीक फास. माझा हात उठला होता, पण सासूबाईंनी धरला आणि म्हणाल्या, "ओढू नकोस, बस." त्या खाली बसल्या, विणकाम सपाट मांडीवर ठेवलं, 3 मिमीची एक बारीक सुई घेतली आणि एका टोकापासून एकेक फास अलगद उचलत गेल्या. लोकरीला अंगची पकड असते. ताण दिला नाही तर टाके पटकन घरंगळत नाहीत. बारीक सुईवर ते सहज चढतात, पुढची ओळ पुन्हा 4 मिमीने विणली की झालं. उचलताना प्रत्येक टाक्याचा उजवा पाय, म्हणजे फासाची उजवी बाजू, सुईच्या पुढे आला पाहिजे. डावा पुढे आला तर तो टाका पिळवटून बसतो, विणताना मागच्या बाजूने सुई घातली की सरळ होतो. त्या दिवशी दोन टाके खाली निसटले होते. ते सासूबाईंनी क्रोशाच्या सुईने शिडी चढावी तसे एकेक पायरी वर आणले. सुलट ओळींच्या विणीत एक पायरी पुढून आणि एक मागून, अशी आळीपाळीने चढवावी लागते, नाही तर वळीत खळगा दिसतो. लेक हे सगळं टक लावून बघत होती. पुढे तिला विणायला शिकवताना टाका निसटला तरी ती कधी रडली नाही.

धाकट्याची फारच धास्ती वाटत असेल तर सरळ क्रोशा घ्या. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत, म्हणजे सुटू शकेल असा उघडा असतो. उठताना तो लांब ओढून ठेवला किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवली की पुरे. साखळी, मुका खांब आणि खांब एवढं आलं की चौकोन जमतो. लोकर मात्र त्याच मापाला विणकामापेक्षा जास्त लागते.

लोकरीबद्दल घाईने सांगते. मुलांच्या चादरीला रोज धुता येणारी लोकर हवी. मेंढीच्या साध्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं होतं. म्हणून मशीनमध्ये धुता येईल असं लेबलवर लिहिलेली लोकर घ्या, किंवा ॲक्रिलिक. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण मरते आणि चोथा होते. पहिल्या दोन-तीन चौकोनांना फिकट रंग घ्या, काळ्या आणि गडद निळ्यात टाके दिसत नाहीत. किती लोकर लागेल हे पहिला चौकोन वजनकाट्यावर ठेवून पाहा आणि 48 ने गुणा, वर कडेसाठी थोडी धरा. कडेची लोकर मात्र एकाच वेळी घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे रंगवलेल्या खेपेचा क्रमांक, जुळवून घ्या.

आता माणसं. चादर एकटीने विणू नका, असं मी म्हणेन. हातात सुया तुमच्या असल्या तरी काम सगळ्यांचं असू द्या. आमच्याकडे आठवड्याचा रंग एकेकाने निवडायचा असा नेम होता. कुणी काहीही निवडो, तोच विणायचा. एका आठवड्याला लेकाने मोहरीसारखा पिवळा निवडला, पुढच्या आठवड्याला त्याच्या आजोबांनी करडा, मग लेकीने भडक गुलाबी. रंगसंगती म्हणून हे कुणी सुचवलं नसतं. आज ती चादर उलगडली की कुठला चौकोन कुणाचा हे सगळे बोट ठेवून सांगतात. तुमच्या थोरल्याला वळ्या मोजायला द्या. बोट फिरवत बत्तीसपर्यंत मोजणं हे सहा वर्षांच्या मुलाला जमतं आणि आवडतंही. पाच-सहा वर्षांचं मूल बोटांवर साखळी विणू शकतं, त्याला सुई लागत नाही. सुया सात-आठव्या वर्षी द्या, आखूड आणि 5-6 मिमी जाडीच्या. शिकवताना समोर बसू नका, मांडीवर किंवा शेजारी घ्या, म्हणजे त्याचे हात आणि तुमचे हात एकाच दिशेने चालताना त्याला दिसतील. मूल डावखुरं असेल तरच समोर बसवा, आरशात बघितल्यासारखं त्याला उचलता येतं.

आणि सासरे. त्यांचं नाव तुमच्या प्रश्नात एकदाच आलंय, पण मला वाटतं या कामात सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच होईल. लोकर लडीत मिळत असेल तर लडीच घ्या, तयार गुंडे नकोत. लडीचा गुंडा करायला दोन माणसं लागतात. एकाने दोन्ही हात खांद्याएवढ्या अंतरावर समोर धरून त्यांवर लडी ताणून धरायची, दुसऱ्याने गुंडाळायचं. धरणाऱ्याचं काम नुसतं धरण्याचं नसतं. धागा डाव्या हातावरून सुटत असेल तेव्हा डावा हात किंचित झुकवायचा, उजवीकडून सुटताना उजवा. हे जमलं की दोघांची एक लय लागते. माझ्या सासऱ्यांना गुडघ्यांमुळे फारसं उठता येत नसे. आपला घरात काही उपयोग नाही, असं ते वरचेवर बोलत. लडी धरायला बसले की दहा-पंधरा मिनिटं आम्ही समोरासमोर असायचो, दोघांचेही हात गुंतलेले, म्हणजे कुणी उठून जाण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्या लहानपणच्या गोष्टी, त्यांच्या आईचं आजारपण, पहिल्या पगाराचं काय केलं, हे सगळं मला त्या लड्यांमधून कळलं. पुढे रविवारी ते स्वतःच विचारू लागले, "आज लोकर नाही का काढायची?" गुंडा घट्ट गुंडाळू नका, एवढी एकच सूचना. ताणलेली लोकर विणली की धुतल्यावर आक्रसते आणि चौकोन लहान होतो.

प्रार्थनेचं जरा सविस्तर बोलते, कारण तुमच्या प्रश्नात खरी खंत तिथेच जाणवली. आमच्या घरी सगळे मिळून प्रार्थनेला बसतात तेव्हा मी सुया खाली ठेवते. हात मोकळे, डोळे मिटलेले, मग ती तीन मिनिटांचीच का असेना. तीन मिनिटांची प्रार्थना घाईची होत नाही, ताई, तिच्याआधीची धावपळ थांबलेली नसली तर ती घाईची होते. मी विणकाम प्रार्थनेच्या आधी ठेवते, नंतर नाही. दहा मिनिटं विणलं की खांदे उतरतात, श्वास संथ होतो, मुलंही आजूबाजूला स्थिरावलेली असतात. मग सुया डब्यात गेल्या की सगळ्यांना आपोआप कळतं, आता बसायचं.

विणतानाचं नाव घेणं ही वेगळी गोष्ट, आणि ती फार जुनी आहे. जगभर माणसांनी देवाचं नाव हातांनी मोजलं आहे. हिंदू आणि बौद्ध जपमाळेत 108 मणी, मुसलमानांच्या तसबीत 33 किंवा 99, कॅथलिकांच्या रोझरीत 59. बोटांना काम दिलं की मन फार भटकत नाही, हे या सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या चौकोनाची ओळ 33 टाक्यांची आहे. प्रत्येक चौकोनाची पहिली ओळ मी टाक्यागणिक एक नाव घेत विणते, फक्त पहिली. पुढच्या त्रेसष्ट ओळींत गप्पा, हसणं, मुलांचा अभ्यास, काय हवं ते. तुमचा देव, तुमचं नाव, तुमची भाषा. कुणाचा काही विश्वास नसेल तर त्याने ज्याच्यासाठी विणतोय त्या माणसाची आठवण काढावी.

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालं या संग्रहालयात मास्टर बर्ट्राम या चित्रकाराचं साधारण 1400 सालच्या सुमाराचं बुक्स्टेहूडं वेदीचं चित्र आहे. त्याच्या एका भागात येशूची आई मरियम बसून विणते आहे. चार सुयांवर, गोलात, बाळाचा सदरा, आणि काम गळ्यापर्यंत आलेलं. जवळच बाळ येशू पुस्तक घेऊन पहुडलेला आहे आणि क्रूस घेऊन आलेल्या देवदूतांकडे वळून बघतो आहे. मी त्याची छापील प्रत प्रथम पाहिली तेव्हा देवदूतांआधी माझी नजर सुयांवर गेली. त्या काळच्या चित्रकाराला पवित्र घर दाखवायचं होतं, तर त्याने आईच्या हातात अर्धं विणलेलं काम दिलं. तुमच्या मनातली टोचणी यावर थोडी कमी व्हावी, म्हणून हे सांगितलं.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड सेमिनरी या धर्मशिक्षणाच्या संस्थेत शिकलेल्या जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गॅलो या दोघींनी 1998 मध्ये प्रार्थनेच्या शालींचं काम सुरू केलं. आजारी, शोकात असलेल्या किंवा एकट्या पडलेल्या माणसासाठी प्रार्थना करत शाल विणायची आणि ती त्याला द्यायची. त्यांची वीण साधी आहे, तीन टाके सुलट, तीन उलट, प्रत्येक ओळीत हेच. टाके तिनाच्या विषम पटीत घातले की ओळीची सुरुवात आणि शेवट दोन्ही सुलटने होतात, आणि पुढच्या ओळीत सुलटवर उलट बसून दोन्ही बाजूंनी दाणेदार कापड होतं. आपले 33 टाके म्हणजे तिनाचे अकरा गट, तेव्हा हीच वीण चौकोनालाही चालते. सुलट ओळींचे पाच-सहा चौकोन झाल्यावर एखादा असा करून पाहा. याला वळ्या उठत नाहीत, तेव्हा मोजण्याऐवजी उंची पट्टीने मापा.

आम्हीही एक शाल अशीच केली होती, शेजारच्या एका आजींसाठी. त्या बरेच महिने अंथरुणाला खिळून होत्या. घरातल्या प्रत्येकाने एकेक ओळ तरी विणायची असं ठरलं. लेकाने आयुष्यातली पहिली ओळ त्या शालीवर विणली. घट्ट, वाकडी, मधे एक टाका जास्तीचा. मला ती उसवून सरळ करायचा मोह झाला होता. केली नाही. शाल पांघरताना आजींनी बोटाने ती जागा चाचपली आणि विचारलं, "ही कुणाची?" तो लाजून माझ्या मागे लपला. त्यानंतर आजी बोलवायच्या तेव्हा त्याला "माझा विणकर" म्हणूनच बोलवायच्या.

लहान मुलांसाठी विणताना काही गोष्टी मी टाळतेच. लांब नाड्या, सैल शिवलेली बटणं आणि बोट अडकेल अशी जाळीची वीण. बाळ झोपलेलं असताना त्याच्या पाळण्यात सैल चादर ठेवू नका, ती मोठ्या मुलासाठी किंवा मांडीवर घेताना ठीक. धाग्याची टोकं शिवणाच्या जाड सुईने विणीच्या आतून दोन्ही दिशांना फिरवून लपवा, नुसती गाठ मारून कापू नका. आणि हे प्रत्येक चौकोनानंतर लगेच करा. 48 चौकोनांची 96 टोकं वर्षाच्या शेवटी एकदम लपवायला बसलेली एकही बाई मी हसताना पाहिलेली नाही.

जोडणीच्या आधी सगळे चौकोन जमिनीवर मांडा आणि मांडायचं काम मुलांवर सोपवा. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलला असेल, तर बाजूच्या कडांना साखळीसारखी वीण येते आणि सुई घालायला सोपं जातं. एक चौकोन आडवा, शेजारचा उभा असे वळवून मांडले तर वळ्या एकमेकींना छेदतात आणि कापड कुठल्याही एका बाजूला ओघळत नाही.

पहिल्या आठवड्याचा रंग मात्र आजच कुणाला तरी विचारा. मी तुमच्या जागी असते तर सासऱ्यांना विचारलं असतं, कारण पहिली लडी धरायला त्यांचेच हात लागणार आहेत.